जेवून आलेला पाहुणा

अण्णांच्या वस्तीवर जायचं असेल तर आदल्या रात्री जेवू नये, असा आमच्या भावकीत रिवाज आहे. आणि जाताना नाडीचा लेंगा घालावा. पट्ट्याच्या पँटीत गेलेला माणूस परत येताना पट्टा हातात घेऊन येतो.

वस्ती शिरूर-न्हावरे रस्त्यापासून आत, दोन्ही बाजूंनी ऊस आणि मध्ये बैलगाडीच्या चाकोरीएवढी वाट. त्या वाटेवर मोटारसायकलचा आवाज आला, की अण्णा ओसरीवरून आत आरोळी टाकतात, "पाहुणं आलं! तवा टाका!" कोण आलं, कशाला आलं, हे नंतर. एकदा वीजबिलाची थकबाकी वसूल करायला आलेला माणूस शेंगदाण्याची आमटी आणि तीन भाकरी खाऊन, पोटावर हात फिरवत, पावतीपुस्तक ओसरीवरच विसरून गेला. ते परत न्यायला आला तेव्हा पुन्हा जेवला.

अण्णा माझे चुलत चुलते. त्यांच्या मते जगात माणसं दोनच प्रकारची, भुकेली आणि लाजणारी. पोट भरलेला माणूस हा तिसरा प्रकार त्यांनी कधी मान्य केला नाही. "जेवून आलोय" हे वाक्य त्यांच्या लेखी "राम राम"सारखं आहे. म्हणायचं असतं म्हणून लोक म्हणतात, त्याला अर्थ काही नसतो.

नोकरी त्यांनी दौंडला रेल्वेत केली, आणि तीही त्यांच्या स्वभावाला धरूनच निघाली. मनमाड-नगरकडून पुण्याला जाणारी गाडी त्या काळी दौंडला थांबायची, तिचं इंजिन सुटायचं, फिरून दुसऱ्या टोकाला जोडलं जायचं, आणि ज्या तोंडानं गाडी आली त्याच्या उलट्या तोंडानं पुढं निघायची. तेवढ्या वेळात गाडीभर माणसं खिडकीत कंटाळून बसलेली. प्रवाशांना तो खोळंबा वाटायचा, अण्णांना ती पंगत दिसायची. ड्यूटी नसेल त्या दिवशी ते डबा घेऊन फलाटावर जायचे आणि खिडकीतून ओळख ना पाळख अशा माणसाच्या हातात चटणी-भाकरी ठेवायचे. पुढं कॉर्ड लाइन झाली, बऱ्याच गाड्या दौंडात न शिरता बाहेरच्या बाहेर वळू लागल्या. वेळ वाचला म्हणून सगळ्यांना आनंद झाला. अण्णा म्हणाले, "वाचला आसंल. पर मान्सं उपाशी चालली की वं!"

आता निवृत्तीनंतर त्यांचं वर्ष पंगतींवर मोजलं जातं. तुकोबांच्या पालखीचा मुक्काम यवतला असतो, त्या रात्री वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढायला अण्णा शिरूर तालुका ओलांडून दौंड तालुक्यात हजर. गळ्यात तुळशीची माळ, डोक्याला पागोटं, हातात पिठल्याची बादली. दमलेला वारकरी म्हणतो, "माउली, अर्धीच वाढा." अण्णा म्हणतात, "अर्धी कशी वाढू? अर्धा इटुबा बगाया चाललाय का तुमी?" वारकरी निरुत्तर होतो आणि भाकरी अख्खी पडते.

आग्रहाचं त्यांचं शास्त्र आहे. पहिलं 'नको' रीतीचं, दुसरं सवयीचं, तिसरं खरं. तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये जिलबी पानात पडली पाहिजे. कुणी पानावर दोन्ही हात आडवे धरले, तर बोटांच्या फटीतून आमटी सोडायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वाढून पुढं जायचं नाही. पानाशी उभं राहायचं. घास उचलला, तोंडात गेला, गळ्याखाली उतरला, एवढं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय अण्णांची बादली हलत नाही. त्यांच्या नजरेखाली जेवलेल्या माणसाला कळतं, की परीक्षेत मागे मास्तर उभे असले की हात का थरथरतो.

अशा माणसाच्या घरी श्रावणात सापाचं पिल्लू आलं.

गोठ्यामागची जुन्या कडब्याची गंज हलवत होते. तळाशी सुरकुतलेल्या, फाटलेल्या पांढऱ्या कातड्याच्या पुड्या सापडल्या, म्हणजे सापाची रिकामी अंडी. सगळी पिल्लं निघून गेली होती, एक मागं राहिलं होतं. जेमतेम हातभर लांब, पेन्सिलीएवढं जाड, आणि डोळे मात्र अंगाच्या मानानं टपोरे. गड्यानं फावडं उचललं. अण्णांनी त्याचा हात धरला. त्यांना साप दिसलाच नव्हता. दिसलं ते भावंडांच्या पंगतीत मागं राहिलेलं, उपाशी लेकरू.

"वाळलंय बिचारं," अण्णा म्हणाले. आता साप वाळलेला आहे की भरलेला, हे पेन्सिलीकडं बघून कसं कळतं, हे विचारायचं धाडस कुणाला झालं नाही. दिवाळीच्या शेवेचा प्लॅस्टिकचा डबा आला, गरम दाभणानं झाकणाला भोकं पडली, आणि पाहुणा ओसरीवर मुक्कामाला आला.

पहिल्या दिवशी वाटीत दूध. पिल्लू वाटीला वळसा घालून पलीकडं गेलं. "म्हशीचं जड जात आसंल," म्हणून दुसऱ्या दिवशी गाईचं. मग दुधात कुस्करलेली भाकरी. मग नुसत्या लाह्या. मग केडगावच्या पेठेतला गुळाचा खडा, कारण "ग्वाड कुनाला नको आसतं?" तिसऱ्या दिवशी नागपंचमी होती. त्या दिवशी आमच्याकडं चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही, म्हणून पुरणाची दिंडं उकडतात. दर वर्षी काकी पाटावर नागोबा काढून पूजतात. यंदा पाट कोरा राहिला आणि पूजा थेट डब्याची झाली. हळदकुंकू झाकणावर, दिंड झाकणाखाली. अण्णा डब्यावर ओणवे होऊन म्हणाले, "घ्या की. तुपाची धार सोडलीय वरनं."

पिल्लानं दोन फाट्यांची जीभ बाहेर काढली, दिंडाकडं एकदा लपलपवली आणि आत घेतली. अण्णा हरखले. "चाटलं! चाटलं!"

चाटलं नव्हतं. साप जिभेनं हवेतले वासाचे कण टिपतो आणि टाळूतल्या इंद्रियाला नेऊन पोचवतो. त्यानं दिंडाचा वास घेतला होता आणि हे अन्न नव्हे, असा निकाल दिला होता. पण अण्णांच्या उभ्या आयुष्यात पुरणाबद्दल असा निकाल कुणी दिलेला नसल्यानं त्यांना तो वाचता आला नाही.

चौथ्या दिवसापासून वस्तीवर सुतकी कळा आली. पाहुणा उपाशी असताना आपण कसं जेवावं, म्हणून अण्णा एक भाकरी कमी खाऊ लागले. ते पाहून काकींनी अर्धी सोडली. बातमी पसरली तसे सल्लागार जमले. एकानं सांगितलं, गाईच्या मागल्या पायांना विळखा घालून धामण सडातून दूध ओढते, तेव्हा वाटीतलं कसं पिईल? काकींनी तातडीनं गोठ्याचं दार लावून घेतलं आणि सकाळचं दूध मापून बघितलं. दुसरा एक जण मोटारसायकलवरून आला, डब्यात डोकावला आणि हळूच म्हणाला, "दुतोंड्या न्हाई ना? मांडूळ आसंल तर बोला. वजनावर भाव आस्तोय." अण्णांनी त्याला आधी जेवायला बसवलं आणि मग हाकलला. क्रम त्यांनी कधी चुकवला नाही.

शेवटी अमेरिकेतल्या भाच्याला फोन झाला. तिकडं साप पाळतात, हे कुणीतरी सांगितलं होतं. भाचा न्यू जर्सीत. त्याच्या शेजाऱ्याच्या पोरानं आफ्रिकेतला बॉल पायथन पाळलेला. भाच्यानं मोठ्या आवाजात माहिती दिली, फोन स्पीकरवर होता. "मामा, इकडं दुकानात बर्फातले उंदीर मिळतात. मोठ्या सापाला मोठा. लहान पिल्लाला पिंकी देतात."

ओसरीवर शांतता झाली. पिंकी ही अण्णांची पाच वर्षांची नात. ती त्या वेळी डब्याशेजारीच बसली होती. काकींनी तिला उचललं आणि आतल्या खोलीत नेऊन कडी घातली. नुकत्याच जन्मलेल्या, अजून केस न फुटलेल्या उंदराच्या गुलाबी पिल्लाला तिकडं पिंकी म्हणतात, हा खुलासा भाचा पुढं पाच मिनिटं करत होता. पण आजीच्या काळजापर्यंत तो पोचला नाही. पिंकी मात्र कडीआडून विचारत राहिली, "आजी, मला कोण खानारे?"

"आणि मामा," भाचा शेवटी म्हणाला, "शेजाऱ्यांचा साप चार महिने जेवला नव्हता. या जातीचं असं असतं. काही होत नाही."

"चार म्हैने?" अण्णा बराच वेळ गप्प बसले. मग फोन ठेवता ठेवता म्हणाले, "तिकडं आग्रह करनारं कुनी नसंल."

सहाव्या दिवशी घात झाला. पिल्लाचे टपोरे काळे डोळे दुधाळ निळसर झाले, अंगाची चमक गेली. अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच उन्हाळ्यात झालेलं. त्यांनी एका नजरेत निदान केलं, "मोतीबिंदू! उपासमारीनं झालाय." त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांचे थेंब फडताळात उरलेले होते. ते घेऊन निघालेल्या अण्णांना काकींनी दारात अडवलं आणि आपला उपाय केला. मीठ-मिरच्या मुठीत घेऊन डब्यावरून सात वेळा उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. घरभर खोकला झाला. आणि काय आश्चर्य, दोन दिवसांनी डोळे लख्ख! काकींनी पिल्लाची दृष्ट काढली होती, निघाला होता मोतीबिंदू. आसपासच्या चार वस्त्यांवरच्या म्हाताऱ्या डोळे दाखवायला येऊ लागल्या.

प्रकरण हाताबाहेर चाललेलं पाहून मी न्हावऱ्याच्या सर्पमित्राला बोलावलं. पोरगा दिवसा रांजणगावच्या एमआयडीसीत मशीनवर असतो, बाकीच्या वेळात लोकांच्या मोरीतून साप काढतो. संध्याकाळी ड्यूटी संपवून, टी-शर्टवर ओळखपत्र लटकवून आला. आल्या आल्या त्याला दोन भाकऱ्या खाव्या लागल्या. मग त्यानं डब्यात बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"अण्णा, धामणीचं पिल्लू आहे. तुमचं नशीब चांगलं. हे घोणसाचं असतं तर? घोणस अंडी घालत नाही, जिती पिल्लं देते, आणि त्या पिल्लाला पहिल्या दिवसापास्नं विष असतं. ओळखता येत न्हाई तर हात लावायचा न्हाई. 1926 ला फोन करायचा, वनखात्याचा नंबर आहे. आणि दुसरं, देशी साप घरात ठेवणं गुन्हा आहे. 1972 चा कायदा आहे."

"ठिवलाय कुटं? पाव्हना आलाय त्यो."

"आठ दिवस झाकण लावून?"

अण्णा जरा वरमले. "पर त्यो जेवत न्हाई रं काई."

मग त्या पोरानं शाळा घेतली. साप सस्तन प्राणी नाही, दूध त्याचं अन्न नव्हे, ते त्याला पचत नाही. गारुड्याचा नाग पंचमीला दूध पितो, कारण त्याला आधी दिवसेंदिवस पाणी दाखवलेलं नसतं. तहानेनं मरायला टेकलेला जीव समोर येईल ते पितो आणि पुष्कळदा त्यानंच मरतो. सापाला दात असतात, पण आत वळलेले. धरलेलं सुटू नये म्हणून, चावायला नव्हेत. तो सगळं अख्खंच गिळतो.

"म्हंजी चव?" अण्णांनी विचारलं.

"चावणंच न्हाई तर चव कशाची?"

"आरारारा." अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. आजवर त्यांनी सापाला भ्यायलेली माणसं पाहिली होती. सापाची कीव त्यांना पहिल्यांदाच आली.

पोरगं पुढं सांगत होतं. पुण्यात नीलिमकुमार खैरे यांनी 1980 साली काचेच्या खोलीत 72 विषारी सापांबरोबर 72 तास काढले, पुढं कात्रजला सर्पोद्यान उभं केलं, तेव्हापासून माणसं जरा सापाकडं बघायला शिकली...

"72 तास?" अण्णा मध्येच म्हणाले. "त्यांच्या जेवनाचं काय केलं?"

"कुणाच्या? सापांच्या?"

"दोगांच्याबी!"

पोरानं पाणी मागितलं, ताक मिळालं. ते पिऊन त्यानं मुद्द्याला हात घातला. "अण्णा, नीट ऐका. पिल्लू अंड्यातनं निघतं तवा अंड्यातला बलक पोटात घेऊनच निघतं. शिदोरी असती त्याच्याकडं. पैली कात टाकंपर्यंत बहुतेक पिल्लं कशालाच तोंड लावत न्हाईत. डोळे पांढरे झाले ते कात सुटायला लागली म्हणून. मोतीबिंदू न्हाई. हे उपाशी न्हाईच."

"म्हंजी?"

"म्हणजे हे जेवून आलंय!"

अण्णा खांबाला टेकून खाली बसले. साठ वर्षांच्या वाढपी कारकिर्दीत 'जेवून आलोय' म्हणणारा पाहुणा खरं बोलत होता, असं हे पहिल्यांदाच घडत होतं. त्यांच्या डोळ्यांसमोरून काय काय गेलं असेल कुणास ठाऊक. वीजबिलवाला गेला असेल, दौंडच्या फलाटावरचे खिडकीतले चेहरे गेले असतील, अर्धी भाकरी मागणारे वारकरी गेले असतील. बऱ्याच वेळानं त्यांनी हळूच विचारलं, "आनि मंग कात टाकल्याव काय घील?"

"बारकं बेडूक. पाल. मोठा झाल्यावर उंदीर. तुमच्या उसातले उंदीर कोण खातं? धामणच. सात-आठ फुटांची होती ती."

माळकरी अण्णांनी गळ्यातली माळ चाचपली. जन्मभर कांद्या-लसणाच्या पलीकडं न गेलेल्या घरात आता बेडकाची पंगत घालायची? काकींनी आतून सांगितलं, "बेडूक माज्या घरात वाडायचा न्हाई." अण्णांचं काय चाललं होतं ते मला दिसत होतं. पांडुरंग एका बाजूला आणि रिकामं पान दुसऱ्या बाजूला. पान जिंकतंय की काय, अशी वेळ आली होती.

पोरानंच सोडवलं. "तुम्ही वाढायचंच न्हाई. त्याचं ते धरंल. मी वनखात्यात कळवतो, उद्या संध्याकाळी जिथं सापडलं तिथंच बांधावर सोडू. तोवर डबा अंधारात ठेवा, पाणी ठेवा, वर फडकं टाका. आणि बघू नका."

"बगू नको?"

"कुणी सारखं बघत असलं तर साप तोंडात घेतलेलंबी टाकून देतो. त्याला आडोसा लागतो. भीती वाटत असली की अन्न जात न्हाई त्याला."

मी हळूच म्हणालो, "अण्णा, मलाबी न्हाई जात." त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी उरलेली भाकरी मुकाट्यानं उचलली.

ती रात्र अण्णांनी कशी काढली, ते काकींनाच ठाऊक. चार वेळा उठून फडक्यापर्यंत गेले, चारही वेळा परत फिरले. पहाटे फडकं काढलं तर डब्यात उलटी सुटलेली कात पडलेली, मोजा काढून टाकावा तशी, डोळ्यांवरच्या चकत्यांसकट. आणि शेजारी नवंकोरं, तुकतुकीत पिल्लू. अण्णांनी कात उचलली आणि पोथीत ठेवली.

संध्याकाळी आम्ही बांधावर गेलो. दुपारी सर पडून गेली होती, पाटाच्या कडेला नखाएवढी बेडकं उड्या मारत होती. पोरानं डबा आडवा केला. पिल्लू बाहेर आलं, जीभ काढली आणि जागच्या जागी थांबलं. समोर हातभर अंतरावर एक बेडूक.

अण्णांचे ओठ हलले. "घ्या की" असणार. आवाज फुटला नाही.

"चला अण्णा," पोरगं म्हणालं, "तोंड फिरवा."

आणि अण्णांनी तोंड फिरवलं. भरल्या पानाकडं पाठ करून उभे असलेले अण्णा मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. माळ मुठीत धरलेली, डोळे मिटलेले. बेडकासाठी प्रार्थना चालली होती की सापासाठी, कळायला मार्ग नव्हता. मागं गवतात काहीतरी सळसळलं, मग टुप् असा बारीकसा आवाज झाला. आम्ही वळलो तेव्हा पाटाकडेला काहीच नव्हतं. ना साप, ना बेडूक.

"जेवला आसंल?" अण्णांनी विचारलं.

"असंल," पोरगं म्हणालं.

"का बेडूकच पळालं आसंल?"

"असंल."

अण्णांना आजवर एवढं मोघम उत्तर कुठल्या पानावरून मिळालं नव्हतं. घरी येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर मात्र पोराला पुन्हा जेवायला बसवलं.

पुढं गावात हरिनाम सप्ताह झाला. काल्याची पंगत, हातात बुंदीचं ताट घेऊन अण्णा. माझ्या शेजारी पुण्याहून आलेलं कुणाचं तरी सात-आठ वर्षांचं पोर बसलं होतं. समोरच्या ढिगाकडं बघून त्याचं तोंड रडवेलं झालेलं. अण्णा आले. पोरानं "नको" म्हटलं. पहिलं. मग दुसरं. मी डोळे मिटून घेतले. पण बुंदी पडल्याचा आवाज आला नाही. उघडून बघतो तर अण्णांनी चमचाभर बुंदी पानाच्या कोपऱ्यात ठेवली होती आणि चक्क पाठ फिरवून उभे होते. अख्खी पंगत घास हातात धरून त्यांच्या पाठीकडं बघत राहिली. पोरानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आपल्याकडं कुणाचं लक्ष नाही अशी खात्री केली आणि बुंदीची चिमूट तोंडात टाकली.

अण्णा अजून पाठमोरेच होते. मान जराही न वळवता, ओठांच्या कोपऱ्यातून त्यांनी मला विचारलं,

"गिळलं का रं?"